दह्याशेजारची उशी

मागल्या वर्षी उन्हाळाभर आमच्या फ्रिजचा मधला कप्पा एका झाडाने अडवून ठेवला होता. त्यापायी आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी लग्नापासून आजवर झाली नसतील. झाड तरी केवढं? शर्टाच्या बटणाएवढं. पण ते आत गेलं की दह्याचं भांडं बाहेर यायचं, आणि दही बाहेर आलं की आमचे हे पेटायचे. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ह्यांचं सगळं लक्ष दह्यावर. "आंबट ढाण दही खाऊन राहिलो मी. काहून? तर बाईसाहेबांच्या गवताला गार हवा पायजे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सांगोत बापडे. त्या बटणावर माझं काय पणाला लागलंय, ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती लडाखात असते, अशा उंचीवर की जिथे झाड म्हणून काही उभंच राहत नाही. तिथे एका अभ्यासकेंद्रात तिची नोकरी आहे. एवढ्या थंडीत, एवढ्या विरळ हवेत जी झाडंझुडपं आणि जनावरं राहतात ती जगतात कशी, हे बघत बसायचं. त्याचे पगार देतात म्हणे! जबलपूरच्या उन्हात दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत उघड्या पायांनी हुंदडलेली ही पोरगी, आणि गेली कुठे तर बर्फात. हिवाळ्यात रस्ते बंद. फोन लागला तर लागला. गाल तर उन्हाने असे काळे पडतात की पहिल्या सुटीत आली तेव्हा मी हळद-सायीचा वाटगा घेऊनच दारात उभी होते. पहिल्या वर्षी तिच्या नाकातून रक्त आलं होतं. हे तिने बाबांना सांगितलं, मला नाही. मला कळलं तेव्हा मी दोघांशीही अबोला धरला.

मला ती घरी हवी होती. उगाच गोल गोल कशाला बोला? मला भीती वाटायची. रोज वाटायची. त्यात इथल्या एका कॉलेजात तिच्या विषयाची जागा दिवाळीनंतर भरणार असल्याचं कानावर आलं, आणि मग मी दर फोनला तोच विषय काढायला लागले.

त्याच हिवाळ्यात आम्ही दोघं डबा घेऊन बरगी धरणाच्या पाण्यावर गेलो होतो. राखी रंगाची, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली मोठी पाखरं थव्याने उतरली होती. मी फोनवर वर्णन केलं, तर पोरगी उड्याच मारायला लागली. "आई, ते पट्टकादंब! इथल्या तळ्यांवर अंडी घालतात आणि थंडीत हिमालय ओलांडून तुमच्याकडे येतात. जिथे माणसाला धड चालवत नाही ना, तिथून उडत येतात."

"हो का?" मी म्हटलं. "पाखरांना उडत यायला जमतं, आणि तुला विमानाने यायला जमत नाही?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

होळीला ती आली ती हे झाड घेऊन. प्लास्टिकच्या दह्याच्या रिकाम्या डब्यात वाळू, बारीक खडी, आणि मधोमध ते हिरवं बटण. केंद्रात बिया पेरून काही रोपं केली होती, त्यातलं जास्तीचं एक. बोटाने दाबलं तर टणक लागलं. भिंगातून दाखवलं तेव्हा कळलं की ते एक बटण म्हणजे शेकडो इवली पानं होती, एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने बसलेली. तिथे वाढून मोठी झाली की ही झाडं खडकावर ठेवलेल्या उशीसारखी दिसतात. म्हणून आम्ही तिचं नाव उशीच ठेवलं.

"आई, आता नीट ऐक," पोरगी म्हणाली. "तू म्हणतेस ना, कॉलेजात अर्ज कर. चलो, एक सौदा करू. ही उशी दिवाळीपर्यंत जिवंत ठेव. ठेवलीस तर मी इथे अर्ज करीन, आणि झालं काम तर येईन. मेली तर हा विषय कायमचा बंद. फोटो पाठवायचे नाहीत, मी येऊनच बघणार. पण काही विचारलंस तर खरं खरं सांगीन."

हे चहा पिता पिता थांबले. "जबलपूरच्या मे महिन्यात? ही?"

"म्हणूनच तर," ती हसली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हिला खात्री होती की मी हरणार! अहो, ह्या हाताने मी पावसाळ्यात कोथिंबीर वाढवली आहे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून सुकलेली, फेकायला काढलेली मोगऱ्याची रोपं आणून त्यांना फुलवलं आहे. मी म्हटलं, "मंजूर."

आता पहिली गंमत ऐका. ती गेली त्या आठवड्यात मी काय करावं? उशीला ताक घातलं. आमच्यात कढीपत्त्याला घालतात ना, आंबट ताक, की तो कसा तरारून येतो! आणि वाळू-खडी बघून तर माझा जीवच गलबलला होता. एवढंसं लेकरू, आणि जेवायला दगड? म्हणून थोडं शेणखतही घातलं. चार दिवसांत बटणाची एक कड पिवळी पडली. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

फोन केला तर पोरगी किंचाळली. "ताक? आई, ती उपाशी राहायला शिकलेली आहे! तिथे मातीच नसते. तिचं मूळ खाली खाली जातं, खडकाच्या फटीतून, आणि जे मिळेल त्यात भागवतं. तू तिला एकदम श्रीखंड-पुरी वाढलीस."

"पण किती खुरटी आहे गं ती!"

"खुरटी नाही, शहाणी आहे. उंच वाढली तर वाऱ्याने मोडेल. अशी दाटीने बसली की वारा वरून जातो आणि आत ऊब राहते. बाहेर बर्फ पडत असतो ना, तेव्हा तिच्या आत बोट घातलं तर गरम लागतं. किडे येऊन राहतात तिच्यात. दुसऱ्या झाडांच्या बियासुद्धा तिच्या कुशीत रुजतात."

मी निमूटपणे ताकातली माती काढून टाकली. ह्यांनी भेडाघाटच्या मूर्तीवाल्याकडून संगमरवराची बारीक खडी आणली, पांढरी शुभ्र, धुऊन घेतलेली. मातीच्या कुंडीत वाळू, वर ती खडी, आणि त्यात उशी. दिसायला लागली मात्र झकास.

झकास दिसते म्हणूनच पुढची आफत ओढवली. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे दरवर्षी असतं. त्या निमित्ताने गावभरच्या मराठी बायका गोळा होतात, आणि शेजारच्या हिंदी भाभीसुद्धा आंब्याची डाळ खायला हक्काने येतात. गौर चैत्रात महिनाभर माहेरी आलेली असते. तिला झोपाळ्यात बसवायचं, पुढे कलिंगड, डाळ, पन्हं, आणि मागे पायऱ्यांची आरास. ती हिमालयाची लेक, म्हणून मी दरवर्षी मागे कापसाचा हिमालय करते. त्या वर्षी मनात आलं, घरात खरंखुरं हिमालयातलं पाहुणं असताना कापूस काहून? आणि मी उशीची कुंडी गौरीच्या शेजारी नेऊन ठेवली.

मी स्वयंपाकघरात पन्हं ओतत होते. बाहेर पहिली बाई आली, तिने गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी जे बसलं होतं त्यालाही वाहिलं. दुसरीने पाहिलं, तिनेही वाहिलं. आता देवाशेजारच्या देवाला कोण टाळणार? तिसरीने अक्षता टाकल्या. एकीने पळीभर पाणी. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा कुंडीत लाल-पिवळा लगदा झाला होता आणि वर मोगऱ्याचं फूल.

माझ्या हातातला ट्रेच कलंडला. "अगं बायांनो, काय केलंत हे! ते झाड आहे!"

मग शेजारच्या भाभी हळूच म्हणाल्या, "आंटी जी, हमने तो तीन बार चढ़ाया. बेटे की नौकरी के लिए माँगा है."

"अहो, माझ्या पण लेकीच्या नौकरीचंच चाललंय त्यावर," मी म्हटलं आणि मला एकदम हसू फुटलं. सगळ्याच हसायला लागल्या. रडायचं तेवढं मी त्या गेल्यावर रडले.

संध्याकाळी ह्यांनी कारखान्यातल्या सवयीने टेबलावर पांढरं कापड अंथरलं, नाकावर चष्मा चढवला आणि बारीक ब्रशने एकेक पान साफ करायला बसले. मी दिवा धरून. वाचली बाई. पोरीला विचारलं तर म्हणाली, पानांवर बारीक लव आहे, स्वेटरसारखी. ती हवेला धरून ठेवते, आणि वरचं ऊन फार कडक असतं त्यापासूनही वाचवते. त्या लवेतच कुंकू अडकलं, आतपर्यंत गेलंच नाही. मी त्या लवेला मनातल्या मनात नमस्कार केला. वरच्या खडीवर मात्र हळदीचे डाग राहिले ते राहिलेच.

मग आला मे. जबलपूरचा मे काय असतो ते इथल्या माणसालाच विचारावं. नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ह्यांनी डोकं लढवलं आणि उशीसमोर कूलर लावला. "हिमालयाचा वारा," म्हणाले. दोन दिवस मोठ्या तोऱ्यात फिरले. तिसऱ्या दिवशी उशीच्या बुडाशी काळसर ओल दिसायला लागली. फोनवर कळलं की वारा चालेल, पण ओला वारा नको. ही झाडं कोरड्या थंडीतली. गेला तोरा. कूलर परत खिडकीत.

शेवटी मी ठरवलं: सकाळचं कोवळं ऊन गच्चीवर, संध्याकाळी पंख्याखाली, आणि रणरणत्या दुपारी फ्रिजमध्ये. पोरगी म्हणाली, चालेल, तसंही हिला वर्षातले बरेच महिने बर्फाखाली अंधारात झोपायची सवय आहे. झालं! रोज जेवणं व्हायच्या आधी मी कुंडी आत ठेवायची आणि दही बाहेर काढायची. लाईट गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, पाणी प्यायलाही नाही. हे म्हणायचे, "माझ्यासाठी कधी एवढं केलं?" मी म्हणायची, "तुम्ही कधी बटणाएवढे होता?"

त्या दिवसांत फोन मात्र खूप झाले. मी कॉलेजचा विषय काढत नव्हते. काढायची गरजच नव्हती, मी जिंकून राहिले होते! म्हणून मग आम्ही बाकीचं बोलायचो. खरं सांगू? त्याआधी कित्येक वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. जेवलीस का, स्वेटर घातलास का, कधी येतेस, एवढंच.

एकदा मी गच्चीवर कुरडया घालत होते आणि फोन कान-खांद्यात दाबून धरला होता. माकडं येतात म्हणून शेजारी काठी. ती म्हणाली, "आई, माझ्यासमोर आत्ता पिका आहे. उंदराएवढा, पण सशाच्या जातीतला, शेपूटच नाही. माहितीय काय करून राहिलाय? गवत तोडतो, दगडावर उन्हात वाळत घालतो, आणि वाळलं की आत नेऊन रचून ठेवतो. हिवाळाभर झोपत नाही तो, तेच खातो. शेजारचे येऊन चोरतात, म्हणून मधे मधे ओरडत पण असतो."

"अगोबाई! म्हणजे वाळवण घालतो?"

"वाळवणच! अगदी तुझ्यासारखा. काठी तेवढी नाही."

मी एवढी हसले की कुरडईचा सोऱ्या हातातून सुटला. मग तिने मार्मोट सांगितला, जो उन्हाळाभर खाऊन लठ्ठ होतो आणि थंडीत बिळाचं तोंड बंद करून महिनोन्महिने घोरत पडतो. मी म्हटलं, तो आमच्याकडेही एक आहे. ह्यांनी सावलीतल्या खाटेवरून विचारलं, "काय म्हणाली?" थंडी येण्याआधी झाडं आपल्या अंगात साखर वाढवतात, त्यामुळे आतलं पाणी सहज गोठत नाही, हेही तिने सांगितलं. ते मला लगेच पटलं. गुलाबजामचा पाक फ्रीजरमध्ये ठेवला तरी दगड होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

बोलताना तिचा आवाज कसा असायचा, ते मला तेव्हाच ऐकू आलं असणार. पण मी माझ्या जिंकण्याच्या नादात होते.

पावसाळ्यात मात्र नाकी नऊ आले. उन्हापेक्षा दमट हवा वाईट निघाली. एक बाजू कुजायला लागली तेव्हा ह्यांनी चिमट्याने कुजकी पानं एकेक करून काढली. टेबलफॅन दिवसभर उशीकडे तोंड करून, आणि आम्ही दोघं घामाघूम. मी देवाला बोलले, तू हिला वाचव, मी माझ्या पोरीला दूध-भातावर वाढवलंय, दगडावर कसं वाढवतात ते मला ठाऊक नाही. आणि मग श्रावण सरता सरता उशीने जीव धरला.

नुसता जीव धरला नाही, वाढायला लागली! बटणातून हिरवे कोंब वर आले. दसऱ्यापर्यंत बोटभर उंच झाली. मी ज्याला-त्याला गच्चीवर नेऊन दाखवायची. भाभी म्हणाल्या, "वाह आंटी जी, कितनी बढ़ गई!" त्यांच्या मुलाला तोवर नौकरी लागलेली, त्यामुळे त्यांनी लांबूनच हात जोडले. मी तर मनात पोरीची खोलीसुद्धा लावून टाकली होती. टेबल खिडकीशी, पुस्तकांना भिंतीत कपाट. ह्यांना भिंतीचं मापही घ्यायला लावलं. त्यांनी माप घेतलं, पण बोलले काही नाही. मला वाटलं, दह्याचा राग असेल.

दिवाळीच्या आधी ती आली. पिशवी दारातच टाकून थेट गच्चीवर. मी मागोमाग, पदराला चकलीचं पीठ लागलेलं. ती उशीपाशी उकिडवी बसली. एक कोंब बोटाने हळूच वाकवून बघितला. मग मान वर करून हसली. "जिंकलीस, आई. मला खरंच वाटलं नव्हतं. मी अर्ज करते."

मी तिथेच तिला मिठी मारली. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! खाली येऊन ह्यांना पेढे आणायला पिटाळलं.

पोरगी शब्दाची पक्की. दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर उघडून बसली. मी चकल्या तळता तळता तिच्याकडे बघत होते. चकली दिली की खात होती, विचारलं की उत्तर देत होती, "हो आई", "चालेल आई". एवढी शहाण्यासारखी ती लहानपणी फक्त ताप आला की वागायची. दुपारी उठून गच्चीवर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी कढई उतरवली आणि वर गेले.

ती उशीजवळच बसली होती. मी म्हटलं, "खरं सांगायचा सौदा आहे आपला. हिला काय झालंय?"

"काही नाही. जिवंत आहे."

"ते मला पण दिसतंय. काय झालंय ते सांग."

तिने फोन काढून एक फोटो दाखवला. त्याच बियांमधलं, त्याच दिवशी उगवलेलं दुसरं रोप, तिथे खडकात लावलेलं. अजून बटणच, जेमतेम अंगठ्याएवढं. पण काय घट्ट! आणि त्यावर तांदळाएवढी पांढरी फुलं, सगळीकडून. एका फुलात एक माशी पाय पोटाशी घेऊन बसलेली. मी फोटो बघितला आणि मग आमची उशी बघितली. फिकट, लांबुडकी, माना टाकलेली. हात लावला तर मऊ लागली. मी जिला वाढ म्हणून गावभर मिरवलं, ती वाढ नव्हतीच. उजेडासाठी, थंडीसाठी तडफडून ती वर वर आली होती.

"ही फुलणार नाही इथे?"

"नाही."

"आणि जगेल किती?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या काळवंडलेल्या गालांवर तिचे डोळे भरून आले होते. "तू आहेस तोवर जगेल, आई. तू तिला मरूच देणार नाहीस."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी खाली आले. कढई पुन्हा चढवली, आणि तो सगळा घाणा मी जाळला. ह्यांनी येऊन गॅस बंद केला. मग म्हणाले, "भिंतीचं माप घेतलं तेव्हाच सांगणार होतो. पण तू एवढी खूश होतीस."

रात्रीची जेवणं झाल्यावर मी ताटं उचलली आणि दोघांना तिथेच बसवून ठेवलं. म्हटलं, "तो अर्ज धाडू नकोस."

पोरगी गडबडली. "आई, तू जिंकली आहेस. मी शब्द—"

"जिंकलेच आहे! हरले असं कोण म्हणतंय? त्या पोरीला मी जबलपूरच्या मे महिन्यातून काढलंय, हळदकुंकवातून काढलंय, ह्यांच्या कूलरमधून काढलंय. जिंकले मी. आणि माझ्या जिंकण्याचं काय करायचं ते मी ठरवीन. तुझी ही उशी तू घेऊन जा आणि तिच्या जागी लाव. आणि ती पाखरं बरगीला येतात ना, ती आली की तू पण यायचं. दरवर्षी. बर्फ असो नाहीतर काही असो. ती हिमालय ओलांडून येतात, तू विमानात बस. हा माझा सौदा. मंजूर?"

तिने आधी बाबांकडे बघितलं. मग ती रडायला लागली, मग मी, आणि हे उठून उगाचच फ्रिज उघडून उभे राहिले. "मंजूर," ती म्हणाली. मग तिचं बोलणं जे सुटलं! कोणत्या उतारावर लावायची, कोणत्या खडकाच्या आडोशाला, हिवाळाभर खिडकीत ठेवून मग बर्फ वितळल्यावर बाहेर. हात हलवत, मध्येच उठत, मध्येच हसत. उन्हाळाभर फोनवर ऐकलेला तो आवाज आता माझ्या समोर बसला होता. इथे मी तिच्यासाठी भिंतीत कपाट करायला निघाले होते.

ती गेली तेव्हा कुंडी तिने विमानात मांडीवर धरून नेली. मी बरोबर डबे दिले, कुरडया दिल्या. म्हटलं, तुझ्या त्या पिकाला दाखव, वाळवण कसं असतं.

त्या हिवाळ्यात पाखरं आली आणि ती पण आली. बरगीच्या काठावर आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या. हे पाखरं मोजायला बसले आणि दर वेळी चुकले. उशी खिडकीत आहे, वरचे लांब कोंब वाळून गेलेत, एवढंच ती बोलली. मी पुढे काही विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

या आषाढात, आम्ही दुपारचे जेवत होतो तेव्हा फोन वाजला. फोटो होता. करड्या दगडांमध्ये बोटाच्या पेराएवढी एक उशी. घट्ट. आधीच्या उंच वाढीचं नाव नाही, बुडापासून नवी बसलेली. तिच्यावर एक फूल. एकच, पण पूर्ण उमललेलं. शेजारी मापासाठी पोरीने आपला अंगठा धरलेला, नखं फुटलेली, कातडी भाजलेली. आणि बुडाशी, त्या सगळ्या करड्या दगडांत, दोन-चार खडे पांढरे शुभ्र होते. आमच्या भेडाघाटचे. तिने ते बरोबर लावले होते. हळदीचे डाग तिथल्या उन्हाने उडून गेले होते, पण मी ते खडे ओळखले.

ह्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, खूप वेळ. मग म्हणाले, "बरी आहे पोरगी." कोणती ते मी विचारलं नाही.

फ्रिजचा मधला कप्पा मी अजून मोकळाच ठेवते. हे दही तिथे सरकवतात आणि मी ते खाली ठेवते. पाखरं यायला अजून बरेच दिवस आहेत, पण पोरगी आली की तिला गार श्रीखंड लागतं.